आकड्याखालची रेघ

परवा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. वर्धापनदिनासाठी भिंतीवर कंपनीचा इतिहास लावायचाय, आणि मी जुन्या माणसांपैकी, तर "मॅम, चार ओळी सांगाल का?" चार ओळी! मी म्हटलं, अगं, चार ओळींत मला पिठलंसुद्धा सांगता येत नाही. ती गोड हसली आणि म्हणाली, मग ईमेल करा. ईमेल काही मी केला नाही. त्यांच्या भिंतीवर काय येणार ते मला माहीत आहे. चार इंजिनियर मित्रांनी बऱ्या नोकऱ्या सोडल्या, कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये बसून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं, सोलापूर रस्त्यावरचा पंपांचा कारखाना हे पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं, मग मजले वाढले, मग परदेशी कंपनीने आख्खी कंपनी विकत घेतली. सगळं खरं आहे. पण पंपाच्या कारखान्याचं एवढ्यावर भागत नाही. तिथे मी होते.

मी मूळची ड्रॉइंग बोर्डावरची. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि पिंपरीच्या एका कारखान्यात चौदा वर्षं ट्रेसिंग केलं. इंजिनियर पेन्सिलीने काढणार, आम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवणार आणि शाईने गिरवणार. चुकलं की अर्धं ब्लेड घ्यायचं, शाई अलगद खरवडायची, ती जागा नखाने घोटायची आणि पुन्हा लिहायचं. रेघेची जाडी डोळ्यांना कळायची. माझा नवरा बसवर कंडक्टर, तो म्हणायचा, तू पोळीसुद्धा कंपास लावल्यासारखी लाटतेस. मग पेपरात रोज उदारीकरण उदारीकरण यायला लागलं, आमच्या कारखान्यात परदेशी मशीन आलं, आणि आम्हा पाच ट्रेसिंगवाल्या बायकांना हार-नारळ देऊन घरी पाठवलं. नारळ चांगला निघाला, एवढंच समाधान.

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा गेले ती ओळखीतून, मुलाखतीला. दारात चपलांचा ढीग. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर. हॉलमध्ये चार टेबलं, आणि एसी फक्त कॉम्प्युटर ठेवलेल्या बेडरूमला. माणसं हॉलमध्ये घामाघूम आणि मशीन आत गारव्याला. मनात म्हटलं, बरं आहे, जावयाला मिळत नाही असा मान आहे.

चौघांत जे मोठे होते त्यांना सगळे साहेब म्हणायचे. त्यांनी मला आत नेलं आणि म्हणाले, "बघा हं." काळ्या पडद्यावर त्यांनी एक ठिपका दिला, काहीतरी आकडा टाईप केला, आणि एक वर्तुळ आलं. आलं म्हणजे काय सांगू! कंपास नाही, टोचा नाही, सुरुवात जिथे शेवटाला भेटते तिथे शाईचा जाड डाग पडतो ना, तोही नाही. सुरुवातच नव्हती त्याला. मी हात तोंडावर ठेवला. मग त्यांनी वर्तुळाचा नखाएवढा तुकडा पडदाभर मोठा केला, आणि रेघ तेवढीच बारीक राहिली. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि वर्तुळ गेलं. मी पुढे वाकून पाहिलं. जिथे होतं तिथे ओरखडासुद्धा नाही. चौदा वर्षं ब्लेड घेऊन बसलेल्या बाईला ते बघून काय वाटलं असेल? मला रडू आलं. खरंच आलं. साहेब बिचारे पाणी आणायला धावले.

"तुम्हाला सहा महिन्यांसाठी घेतो," ते म्हणाले. "नंतर बघू."

"नंतर काय बघणार?"

"बोर्डावरच्या माणसाला इथे जागा आहे का, ते. आमच्यातच दोन मतं आहेत. दोघं म्हणतात, नवी पोरं घ्या, जुन्यांना शिकवण्यात वेळ जातो. मी म्हणतो, सहा महिने द्या."

स्पष्ट बोलणं. पुण्यात याला सभ्यपणा म्हणतात. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं, कारण निदान प्रश्न काय ते कळलं. सहा महिन्यांत पक्क्या नोकरीचं पत्र मिळालं तर मी या नव्या जगातली, नाही तर घरी शिकवण्या नाही तर शिवणकाम.

आमचं सॉफ्टवेअर लिहिणारी मुख्य व्यक्ती म्हणजे एक मुलगी, इंजिनियरिंगहून नुकतीच बाहेर पडलेली, बॉबकट, सायकलवरून यायची. मला मॅडम म्हणायची, पण असं म्हणायची की जणू मी शाळेची तपासणी करायला आलेय. तिने एक करामत लिहिली होती. रेघेवर बोट ठेवल्यासारखं बटण दाबायचं, की तिची लांबी मशीन स्वतः मोजणार आणि आकडा बाण काढून स्वतः लिहिणार. मोठ्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये असलं काय काय होतं, पण ते घेणं भोसरीच्या छोट्या वर्कशॉपवाल्याच्या आवाक्याबाहेर. आमचे साहेब आणि चौघांतला आणखी एक जण स्कूटरवर मॉनिटरचं खोकं मांडीत धरून भोसरी पालथी घालायचे आणि ही करामत दाखवायचे. वर्कशॉपवाले चहा पाजायचे, वा वा करायचे, आणि पुढच्या महिन्यात या म्हणायचे.

पुढचा महिना शेवटी लागला तो पंपाच्या कारखान्यात, लोणी काळभोरच्या अलीकडे. मालक म्हणाले, माझी तीनशे जुनी ड्रॉइंगं मशीनमध्ये घालून द्या. जमलं तर सॉफ्टवेअर घेतो आणि चार लोकांना सांगतो. कंपनीसाठी ती जिंकू किंवा मरूची गोष्ट होती. ड्रॉइंगं मशीनमध्ये घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि माझे चार महिने तेव्हा होऊन गेले होते.

काम असं. टेबलाएवढी एक पाटी असायची, तिच्यावर ट्रेसिंग चिकटवायचं. हातात भिंग लावलेलं एक चपटं यंत्र, त्यातल्या फुलीखाली रेघेचं टोक आणायचं आणि बटण दाबायचं. एक टोक, दुसरं टोक, की पडद्यावर रेघ हजर, आणि करामतीने तिचा आकडाही हजर. तो कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायचा. पहिल्या आठवड्यात माझे आकडे सारखे चुकायचे. मी त्या मुलीला हाक मारायचे, ती येऊन बघायची आणि म्हणायची, "मॅडम, फुली टोकावर नव्हती. परत दाबा." परत दाबलं की आकडा बरोबर. तीनदा असं झालं, आणि तिन्ही वेळा मशीन खरं आणि मी खोटी. चौथ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

आता जे सांगायचंय ते मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही. बोर्डावरच्या लोकांची एक रीत असते. समजा पंपाचा दांडा काढलाय, लांबी लिहिलीय एकशे बेचाळीस. पुढे कळलं की तो सहा मिलिमीटर लांब हवा. आता सहा मिलिमीटरसाठी आख्खं ड्रॉइंग कोण पुन्हा काढणार? आकडा तेवढा खरवडायचा, एकशे अठ्ठेचाळीस लिहायचं, आणि त्याच्याखाली एक रेघ मारायची. त्या रेघेचा अर्थ, बाबांनो, चित्र जुनं आहे, आकडा खरा आहे. जगातल्या कुठल्याही लेथवरच्या टर्नरला हे कळतं. म्हणून तर प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं की ड्रॉइंगवर पट्टी लावून मोजू नये. ड्रॉइंग वाचायचं असतं. आणि आमचं मशीन नेमकं पट्टी लावत होतं.

कारखान्याच्या दांड्याच्या ड्रॉइंगवर अगदी अशीच रेघ मला दिसली होती. अर्थही पाठ होता, मी स्वतः असल्या शेकडो रेघा मारल्यात. मशीनने लिहिलं एकशे बेचाळीस, कागदावर एकशे अठ्ठेचाळीस आणि खाली रेघ. मी तीनदा दाबलं. तिन्ही वेळा एकशे बेचाळीस. आणि मी काय करावं? मी गप्प बसले. एक तर विचारायची लाज. बोर्डवालीला कळत नाही असं म्हणतील, आणि उरलेले दोन महिने तिथेच संपतील. आणि दुसरं म्हणजे, खोटं कशाला सांगू, त्या पडद्याची मला एवढी भूल पडली होती की वाटलं, खाली रेघ मारणं ही आमच्या कागदाच्या दुनियेतली गावठी पद्धत. ज्याची रेघ कधी जाड होत नाही, ते चुकेल कसं? मी पुढचं टोक दाबलं. पुढेही अशा रेघा लागल्या. प्रत्येक वेळी मशीनचाच आकडा ठेवला.

तीन आठवड्यांनी कारखान्यातून फोन आला, आणि साहेबांचा चेहरा ऐकता ऐकता उतरला. नव्या छापील ड्रॉइंगवरून दांडा बनवला होता. तो सहा मिलिमीटर आखूड आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो, साहेब, ती मुलगी आणि मी. कारखान्याच्या ड्रॉइंग हॉलमध्ये दोन ओळींत नऊ बोर्ड, आणि टोकाला हेड ड्राफ्ट्समनचं टेबल. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. लोणीचेच, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्या टेबलावर तो आखूड दांडा ठेवलेला. मालक उभ्यानेच म्हणाले, "तुमचं सॉफ्टवेअर आकडे बदलतंय. हे खोकं उचला."

साहेब समजावायला लागले. ती मुलगी पांढरीफटक पडली होती. तिचं पहिलंच मोठं काम, रात्रंदिवस डोकं फोडून केलेलं, आणि तिला चूक कुठे झाली तेच कळेना. "आम्ही सगळं तपासलं होतं," असं ती तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. मला वाटलं, आता जर मी गप्प राहिले तर मला रात्री जेवण जाणार नाही.

"सॉफ्टवेअरने नाही बदलले," मी म्हटलं. "मी बदलले. आकड्याखाली रेघ होती. मला दिसली होती."

हॉलमध्ये सगळे बोर्डावरचे लोक वळून बघायला लागले. मास्तर खुर्चीतून हळूच उठले. "ती रेघ मीच मारलीया," ते म्हणाले. "बोर्डावरची हायसा न्हवं तुमी? मग रेघ दिसून कशी काय सोडली, बाय?"

मी म्हटलं, "मास्तर, मशीनपुढे मला माझंच खरं वाटेना."

त्यांनी मान हलवली. रागाने नाही. मग मालकांकडे वळून म्हणाले, "चार दिस द्या त्यास्नी. बाय खरं बोलली हाय." मालकांनी दिले. वर म्हणाले, चार दिवसांनी एक जुना आकडा जरी सापडला तरी संपलं.

चार दिवस मी आणि मास्तर त्या टेबलावर समोरासमोर बसलो. ते एक छापील कागद वाचणार, मी जुन्या ट्रेसिंगवर ताडून बघणार. खाली रेघ असेल तिथे सोपं. पण काही ठिकाणी आकडा आणि चित्र जुळत नव्हतं आणि रेघही नव्हती. घाईत कुणी मारायची विसरलेलं. मग खरं कोण? मुद्दाम बदललेला आकडा, की ट्रेसिंग करताना कुणाची झालेली चूक? मास्तरांनी डोळे मिटले आणि आकड्यावरून बोटाचं टोक फिरवलं. "खरवडलंय," म्हणाले. "आकडा खरा." पुढच्यावर फिरवलं. "गुळगुळीत हाय. ही चूकच. ज्यानं केली त्यो आता रिटायर झालाय." मीही बोट फिरवलं, आणि खरंच की! कागद बोलत होता. चौदा वर्षं मी खरवडत आले, पण खरवडलेल्या जागेवरून कधी परत बोट फिरवलं नव्हतं. मास्तरांना कुठला आकडा कुणी बदलला तेही कळायचं. "हा डावखुऱ्याचा हात," असं सांगायचे. मी थक्क होऊन नुसती बघत बसायचे. पडद्यावरचं वर्तुळ बघून झाले होते ना, तशीच.

दुसऱ्या दिवशी ती मुलगीही येऊन बसली. मास्तरांनी तिचं बोट धरून कागदावर ठेवलं. "अय्या, लागतंय! ताई, खडबडीत लागतंय!" ती ओरडली. मॅडमची ताई मी त्या क्षणी झाले. तिने तिथल्या तिथे विचारलं, रेघेचा नियम काय, कोण मारतं, कधी मारतं, विसरलं तर काय होतं. वहीत लिहून घेतलं आणि कोथरूडला पळाली.

चौथ्या दिवशी ती फ्लॉपी घेऊन आली. मालक, साहेब, मास्तर, आम्ही सगळे पडद्यापुढे. तिने दांडा काढला. मशीनने लिहिलं एकशे बेचाळीस. तिने तो आकडा काढून हाताने एकशे अठ्ठेचाळीस टाईप केला, आणि त्याखाली मशीनने आपण होऊन रेघ मारली. विसरायची सोयच नाही. मास्तर पडद्याच्या इतके जवळ गेले की काचेवर त्यांचा श्वास उमटला. "आमची रेघ हाय ही," ते म्हणाले. "आरं, आमचीच रेघ हाय की." माझ्या अंगावर काटा आला. बोर्डावरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ब्लेड आणि शाईने जे केलं ते आता त्या मशीनला येत होतं, आणि ते त्याला आम्ही शिकवलं होतं.

मालकांनी तीनशे कागदांतले हवे तिथून वीस उपसून पाहिले. एकही जुना आकडा सापडला नाही. सॉफ्टवेअर घेतलं. परतीच्या वाटेवर, हडपसरला रिक्षा थांबवून, साहेबांनी बॅगेतून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पक्कं पत्र. मुदत संपायच्या आधीच. ते म्हणाले, "चौघांचं एकमत झालं. असं माणूस पोरांमध्ये मिळणार नाही." मला इतका आनंद झाला की मी भर रस्त्यात त्या मुलीला मिठी मारली. मंडईत उतरून पेढे घेतले, आणि घरी जाऊन नवऱ्याला पत्र तीनदा वाचायला लावलं.

पण निघताना एक झालं होतं. साहेब आणि मुलगी पुढे गेले होते, मी पिशवी आवरत होते. मास्तर मशीनपाशीच उभे होते, हात पाठीमागे बांधून. म्हणाले, "बाय, ह्ये मला जमंल काय?"

मी हसले. चार दिवस त्या माणसाची बोटं बघून माझं मन भरून आलं होतं हो. म्हटलं, "अहो मास्तर, तुम्हाला कशाला हवंय हे? तुमच्या हाताची सर त्याला सात जन्मांत यायची नाही. हे आमच्यासारख्यांसाठी!"

तेही हसले. "व्हय, खरंच हाय," म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मी नमस्कार करून निघाले.

दीड महिन्याने दुसरं मशीन बसवायला मी एकटीच गेले. हॉल ओळखू येईना. बोर्ड भिंतीला उभे टेकवून ठेवलेले, मधे दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर. एका खुर्चीवर नवा पोरगा होता, दुसरी रिकामी. मी तिथल्या टायपिस्टबाईंना विचारलं, "मास्तर कुठे दिसत नाहीत?"

"गेले ते. महिना झाला. बोर्ड बंद केले तेव्हा मालकांनी सगळ्यांत आधी त्यांनाच विचारलं, मशीनवर बसता का, खुर्ची तुमचीच. त्यांनी नाही म्हटलं."

"नाही म्हणाले? का?"

"म्हणाले, त्या कंपनीच्या बाईंना मी विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, हे तुमचं काम नव्हे."

मी असं म्हटलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं म्हटलं. मी तर त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होते. पण त्यांनी कौतुक मागितलंच नव्हतं. जो प्रश्न घेऊन मी कोथरूडच्या दारात उभी होते, तोच त्यांनी मला विचारला होता, आणि मला माझ्या साहेबांनी निदान सहा महिने दिले होते. मी त्यांना एक मिनिटही दिलं नाही.

टायपिस्टबाई म्हणाल्या, लोणीत कुणालाही विचारा, घर दाखवतील, इथून दहा मिनिटं. मी त्या रिकाम्या खुर्चीत बसले, मशीन जोडलं, चालतंय का बघितलं, आणि कोथरूडची बस धरली. लोणीला मी गेले नाही. नंतरही कधी गेले नाही.